थंडीला दोष देण्याआधी मीटर लावा

डिसेंबर उजाडला की मालेगावच्या कापड बाजारात एक तक्रार ठरलेली असते. फजरच्या नमाजनंतर हमाल येतात, तागे मोजून तयार असतात, ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल पोचवण्याची वेळ ठरलेली असते आणि पिकअप काही केल्या सुरू होत नाही. ड्रायव्हर सेल्फ मारून थकतो, चार माणसे धक्का देतात, शेवटी मिस्त्रीला फोन जातो. मिस्त्री येतो, बॉनेट उघडतो आणि सांगतो, "थंडी फार आहे शेठ, बॅटरी बदलून टाका." शेठ बॅटरी बदलतात. आठ दिवसांनी गाडी पुन्हा तशीच उभी असते.

हा प्रश्न केवळ गाडीचा नाही, धंद्याचा आहे. साइझिंगमधून बीम वेळेवर आले नाहीत तर माग उभे राहतात. ग्रे कापडाची गाठ आजच्या ट्रकमध्ये चढली नाही तर पाली-बालोत्र्याचा व्यापारी उद्याचा भाव लावतो. मोठ्या पेढीला एका दिवसाचा खोळंबा सोसतो. परंतु दहा-बारा मागांचा मालक किंवा हप्त्यावर पिकअप घेऊन भाडे मारणारा तरुण यांची त्या दिवसाची कमाईच बुडते. म्हणूनच व्यापाराच्या या पानावर आम्ही मिस्त्रीकामाचा विषय घेतला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या भागातली थंडी गाडी बंद पाडण्याइतकी मोठी नाही. गाडीत आधीपासून असलेला दोष ती फक्त उघड करते. तो दोष अंदाजाने नव्हे, मोजून शोधावा लागतो. आपण कापड घेताना गज लावतो, काच लावून पीक मोजतो, पन्ह्यात इंचभर फरक निघाला तर माल परत करतो. तेच आपण गाडीच्या बाबतीत मात्र कोणीतरी "वाटते" म्हणाले की हजारो रुपये मोजून देतो. ही सवय मोडायला हवी.

थंडी नेमके काय करते?

पेट्रोलच्या गाडीत ठिणगीने इंधन पेटते. डिझेल गाडीत ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबली जाते की ती अतिशय तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडताच ते पेट घेते. म्हणजे डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, वेळेवर डिझेल पोचले पाहिजे आणि हवा पुरेशी तापली पाहिजे. थंडी या तिन्ही गोष्टींवर थोडा थोडा घाव घालते. बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, इंजिन ऑइल घट्ट होऊन इंजिन फिरवायला जड जाते, डिझेल दाटते आणि थंड सिलिंडर हवेची उष्णता शोषून घेतो.

आता हा घाव किती मोठा आहे ते पाहू. तापमान ० अंशावर आले की बॅटरीची गाडी उठवण्याची ताकद ढोबळ मानाने एक तृतीयांशाने घटते. आपल्याकडे ० अंश कुठे असते? निफाडच्या द्राक्षपट्ट्यात पारा ५ अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या येतात, पण मालेगावात तो १० च्या आसपास किंवा थोडा खाली राहतो. याउलट लडाखमध्ये डिझेलच गोठत असे. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. तिथल्या गाडीवाल्याने थंडीला दोष दिला तर तो खरा. आपली धडधाकट पिकअप ८-१० अंशांना एक-दोन सेल्फमध्ये उठलीच पाहिजे. ती उठत नसेल तर दोष ऋतूचा नाही, गाडीचा आहे.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. बॅटरीला खरा मार बसतो तो उन्हाळ्यात. एप्रिल-मे महिन्यांतल्या ४२-४३ अंशांच्या उन्हात बॅटरीचे पाणी आटते, आतल्या प्लेटा झिजतात. तरीही ती जून ते नोव्हेंबर कशीबशी चालते, कारण ऊब असताना इंजिन हलके फिरते. डिसेंबरात काम जड होते तेव्हा तिचे पितळ उघडे पडते. दुखणे मे महिन्यातले असते, बोभाटा डिसेंबरात होतो.

आधी पाहा आणि ऐका

कुठलाही पार्ट खोलण्यापूर्वी एक गोष्ट करावी. एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरकडे पाहावे. एवढ्या एका पाहणीवरून रोग तीनपैकी कोणत्या घरात आहे ते कळते.

सेल्फ फिरतच नाही किंवा रडत रडत फिरतो, तर दोष विजेचा आहे: बॅटरी, वायर, अर्थ किंवा खुद्द सेल्फ. सेल्फ जोमाने फिरतो पण सायलेन्सरमधून काहीच धूर येत नाही, तर बहुधा डिझेल इंजिनपर्यंत पोचत नाही. सेल्फ जोमाने फिरतो आणि पांढरा धूर येतो, पण इंजिन पकडत नाही, तर डिझेल पोचते आहे, मात्र पेटत नाही. म्हणजे उष्णता कमी पडते. या तीन घरांपैकी कोणते घर हे ठरवल्याशिवाय जो बॅटरी बदला, पंप खोला, नोझल काढा म्हणतो, तो अंधारात बाण मारतो असे समजावे.

पहिले घर: विजेचे

डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. प्रत्येक पेढीवर गजासारखा तो असावा असे आमचे मत आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीला सकाळी, चावी लावण्याआधी, मीटर लावावा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक आले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ म्हणजे जवळजवळ रिकामी.

मग सेल्फ मारताना तोच मीटर पाहावा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला आणि बॅटरी आधी भरलेली होती, तर बॅटरी खराब आहे असे म्हणायला आधार मिळतो. पाणी भरायची बॅटरी असेल तर बॅटरीवाल्याकडून सहाही घरांची ग्रॅव्हिटी तपासून घ्यावी. भरलेल्या बॅटरीत ती १.२६ ते १.२८ असते. पाच घरे ठीक आणि एकच बरेच खाली, तर ती बॅटरी गेली. असे मोजून ठरले असेल तर बॅटरी खुशाल बदलावी, त्यात वाद नाही.

परंतु आकडा खाली कोसळत नसेल आणि तरीही सेल्फ रडत असेल, तर पैसा बॅटरीवर घालवू नये. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारावा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थची वायर किंवा तिचा जोड खराब आहे. पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा बोल्ट हीच तपासणी दुसऱ्या बाजूने करावी.

एवढ्याशा जोडाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहा. डिझेल पिकअपचा सेल्फ फिरताना २०० अँपियर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढतो. जोडावर गंज बसून एका ओहमचा फक्त शंभरावा हिस्सा अडथळा निर्माण झाला, तरी २०० अँपियरला २ व्होल्ट तिथेच जळतात. बारातले दोन व्होल्ट वाटेतच गेले तर सेल्फला उरले काय? ही गळती उन्हाळ्यातही असते, पण तेव्हा इंजिन हलके असल्याने चालून जाते. आमच्या माहितीतील एका व्यापाऱ्याने एकाच हिवाळ्यात दोन बॅटऱ्या घेतल्या, सेल्फ उघडून ब्रश आणि बुश घातले, आणि शेवटी दोष निघाला चेसिस आणि इंजिन यांमधल्या अर्थच्या पट्टीत. पट्टी काही शे रुपयांची होती. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन, पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून, वर थोडे ग्रीस लावणे हे काम तर ड्रायव्हरही करू शकतो. मात्र काढताना निगेटिव्ह वायर आधी काढावी आणि लावताना शेवटी लावावी.

मीटर हाताशी नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारावा. लाइट एकदम विझत आला तर बॅटरी किंवा टर्मिनल पाहावे. लाइट लखलखीत राहिला आणि सेल्फमधून नुसता टक आवाज आला किंवा तोही नाही, तर सेल्फचा सोलेनॉइड, त्याची वायर किंवा चावीचा स्विच पाहावा.

शनिवारचे गौडबंगाल

आपल्या गावापुरती एक खास गोष्ट सांगितली पाहिजे. मालेगावात मागांची सुट्टी शुक्रवारी असते. गुरुवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी शनिवारी सकाळीच हलते. अनेक मालकांची तक्रार नेमकी शनिवारची असते आणि तीही ते थंडीच्या नावावर खपवतात.

खरे कारण बहुधा वेगळे असते. गाडीत नंतर बसवलेले टेपडेक, जीपीएस ट्रॅकर, केबिनचा दिवा, मोबाइल चार्जर यांची जोडणी चावीमागून न करता थेट बॅटरीवरून केलेली असते. चावी काढली तरी ते वीज पीत राहतात. समजा १ अँपियर जात असेल, तर गुरुवार संध्याकाळ ते शनिवार सकाळ या ३६ तासांत ३६ अँपियर-तास गेले. ८० अँपियर-तासांची बॅटरी त्यात अर्ध्यावर येते. अर्धी बॅटरी, गार इंजिन, घट्ट ऑइल, मग गाडी उठेल कशी? नवी बॅटरी घातली तरी तीन-चार शनिवारांनंतर तिचीही तीच गत होणार. गाडी पूर्ण बंद करून बॅटरीच्या तारेत अँपियरचा मीटर जोडावा. काही वेळाने आकडा ०.०५ अँपियरच्या आसपास किंवा खाली यायला हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा पडतो त्या वाटेवर चोर आहे. मीटर जोडलेला असताना मात्र सेल्फ मारू नये, मीटर जळेल.

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. त्याहून कमी असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा. काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा स्वतः वर-खाली करतो, हे ध्यानात ठेवावे. दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या खेपा मारणाऱ्या गाडीची बॅटरी मुळात भरतच नाही, हेही मालकांच्या लक्षात येत नाही. अशी गाडी आठवड्यातून एकदा चार्जरला लावावी किंवा चांदवडपर्यंतची एखादी लांब खेप तिला द्यावी.

दुसरे घर: डिझेलचे

सेल्फ जोरात, धूर नाही, तर डिझेलची वाट तपासावी. सर्वांत आधी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी असेल तर तळाशी वेगळे दिसते. अर्ध्या टाकीवर रात्र काढणाऱ्या गाडीत टाकीच्या रिकाम्या भागातील दमट हवेचे पाणी होते आणि ते हळूहळू फिल्टरमध्ये उतरते. हिवाळ्यात टाकी रात्री शक्यतो भरलेली ठेवावी, यामागे हे शास्त्र आहे.

दुसरे कारण म्हणजे गाडीने एअर घेणे. पाइपचे रबर जुने झाले, क्लिप सैल झाली, की रात्रभरात हवा शिरते आणि डिझेल मागे टाकीत उतरते. सकाळी हातपंप मारला की गाडी सुरू होते आणि दिवसभर ठीक चालते. हे लक्षण दिसले तर पंप खोलायची घाई करू नये. फिल्टरपुढे पारदर्शक पाइपचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. गार रबर कडक होऊन आकसते, म्हणून ही गळती थंडीत वाढते.

तिसरे कारण स्वतः डिझेल. डिझेलमध्ये मेण असते आणि गारठ्यात ते सुटून फिल्टर तुंबवते. भारतीय मानक आयएस १४६० मध्ये डिझेल किती अंशांवर फिल्टर तुंबवू शकते याची मर्यादा ऋतूप्रमाणे वेगळी आहे: हिवाळ्यात ६ अंश, उन्हाळ्यात १८ अंश. याचा अर्थ हिवाळी डिझेल आपल्या थंडीला पुरते. पण ऑक्टोबरात भरलेले डिझेल जानेवारीपर्यंत टाकीत पडून असेल, किंवा पिंपात साठवलेले जुने डिझेल कोणी ओतले असेल, तर निफाडसारख्या ठिकाणी पहाटे अडचण येऊ शकते. उपाय सोपा आहे: थंडी सुरू होताच ताजे डिझेल आणि नवा फिल्टर.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. भारत स्टेज ६ ची मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. या नव्या गाड्या आणि त्याआधीच्याही कॉमन रेल गाड्यांत डिझेलचा दाब १,००० बारच्या पुढे जातो. जुन्या गाडीप्रमाणे नोझलचा पाइप सैल करून एअर काढायला गेलात तर ती धार कातडी फोडून आत जाते. त्या नळ्यांना रस्त्यावर कोणीही हात लावू नये. अशा गाडीला स्कॅनरच लावावा.

तिसरे घर: उष्णतेचे

सेल्फ जोरात, पांढरा धूर, पण इंजिन पकडत नाही, किंवा पकडले तरी दोन मिनिटे थरथरते, तर हीटर प्लग पाहावेत. ज्या इंजिनात हे प्लग आहेत त्यात चावी फिरवताच डॅशबोर्डवर वेटोळ्याचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारायचा असतो. घाईतला ड्रायव्हर थांबत नाही आणि दोष गाडीला लागतो. हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

प्लगची तपासणी पाच मिनिटांची आहे. प्लगची वायर काढावी. टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे प्लगच्या टोकाला लावावे. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत आहे, नाही लागला तर तो मेला. चारांपैकी एक-दोन मेलेले असले तरी उन्हाळ्यात पत्ता लागत नाही. चारही ठीक असतील तर त्यांचा फ्यूज आणि रिले पाहावा. काही नव्या इंजिनांचे प्लग कमी व्होल्टचे असतात. त्यांना थेट १२ व्होल्ट देऊन लाल होतो का पाहण्याचा प्रकार करू नये.

प्लग ठीक, सेल्फ ठीक, डिझेल ठीक आणि तरीही पांढरा धूर, तर मात्र नोझल आणि कॉम्प्रेशन तपासण्याची वेळ आली. मोठा खर्च इथे सुरू होतो, म्हणून तो शेवटी यायला हवा. आपल्याकडे अनेकदा तो पहिला येतो.

ऑइलविषयी एक वाक्य पुरे: गाडीच्या पुस्तिकेत जे ग्रेड लिहिले आहे तेच घालावे, दुकानदार देईल ते जाड ऑइल नव्हे.

हे करू नका

पहाटेच्या घाईत काही ठिकाणी टाकीखाली किंवा इंजिनखाली बोळा पेटवतात. डिझेलचा थेंब गळत असेल, वायर जुनी असेल तर गाडी आणि माल दोन्ही जातात, आणि कापडाच्या तागांना आग लागायला किती वेळ लागतो हे आपल्याला कोणी सांगायला नको. हवेच्या फिल्टरमध्ये सुरू करण्याचा स्प्रे मारण्याचीही पद्धत आहे. तापलेल्या हीटर प्लगवर तो वेळेआधी भडकतो आणि पिस्टन-रिंग फुटू शकतात. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे हा कायद्याने गुन्हा आहे, शिवाय पंपाला मिळणारे वंगण त्याने कमी होते. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे. नाहीतर चांगली बॅटरी आणि चांगला सेल्फ दोन्ही हातचे जातात.

दोष कोणाचा?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते इन्साफाला धरून नाही. आपण मिस्त्रीला पैसे कशाचे देतो? पार्टचे. त्याने अर्धा तास मीटर लावून, सायलेन्सर पाहून, "शेठ, फक्त अर्थची पट्टी सैल होती" असे सांगितले तर आपण त्याच्या हातावर शंभर रुपये ठेवताना कुरकुरतो. त्याने सहा-सात हजारांची बॅटरी आणून बसवली तर निमूट देतो. डोके चालवण्याचा मेहनताना नाही आणि पार्ट विकण्याचे कमिशन आहे, असा बाजार आपणच मांडला आहे. मग त्याने पार्टच विकले तर नवल काय?

मापात खोट करणाऱ्यांविषयी पवित्र कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. स्वतः घेताना पुरेपूर आणि दुसऱ्याला देताना कमी, या वृत्तीचा तिथे धिक्कार आहे. आपण व्यापारी तो इशारा तागडी आणि गजापुरता समजतो. न बिघडलेला पार्ट बदलून पैसे घेणे ही मापातली खोटच आहे. आणि कारागिराच्या अक्कलहुशारीचे दाम न देणे हीसुद्धा मापातली खोटच आहे. दोन्ही बाजूंनी काटा सरळ व्हावा.

तिसरा घटक ड्रायव्हर. गाडी उठली नाही की पहिली बोलणी त्याला बसतात. कित्येक ठिकाणी त्याची खेप बुडाली म्हणून मजुरीही कापली जाते. वास्तविक गाडी जड उठते आहे, असे त्याने नोव्हेंबरातच दोन-तीनदा सांगितलेले असते. त्याचे ऐकले असते तर पन्नास रुपयांच्या घासकामात निभावले असते. मालकाच्या दुर्लक्षाची किंमत नोकराच्या मजुरीतून वसूल करणे कोणत्याही धर्मात बसत नाही.

कोणी म्हणेल, "पहाटे पाच वाजता मीटर लावत बसायला वेळ कोणाला आहे? बॅटरी बदलली की गाडी चालू, काम सुरू." यात तथ्य आहे. नवी ताकदवान बॅटरी सैल जोडावरही काही दिवस मात करते, म्हणूनच तर फसगत होते. पण तपासणी पहाटे पाचला करायचीच नसते. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, एखाद्या शुक्रवारच्या सुट्टीत, जुमाआधीच्या निवांत तासात करायची असते. दुसरे कोणी म्हणेल, "नव्या गाड्यांत संगणक आहे, आता मीटर-टेस्ट लॅम्पचे दिवस गेले." संगणक सेन्सरचा दोष सांगतो, हे खरे, पण टर्मिनलची बुरशी आणि अर्थची सैल पट्टी तो थेट दाखवत नाही. उलट व्होल्ट पडले की तोच गोंधळून भलतेच कोड दाखवतो. म्हणजे नव्या गाडीत तर बॅटरी आणि जोड आधी मोजणे अधिकच गरजेचे.

काय करता येईल?

आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, तपासणीची फी वेगळी द्यावी आणि खुशीने द्यावी. बिलावर आकडे लिहून मागावेत: उभ्या बॅटरीचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे व्होल्ट, अर्थवरचा फरक, चार्जिंगचे व्होल्ट. चार आकड्यांची चिठ्ठी पुरे. बदललेला जुना पार्ट परत मागावा. जो मिस्त्री आकडे लिहून देतो त्याच्याकडे गिऱ्हाईक वाढले की बाकीचे आपोआप शिकतील.

दुसरी, प्रत्येक गाडीची एक वही ठेवावी. बॅटरी कधी घेतली, फिल्टर कधी बदलला, प्लग कधी तपासले, गाडी कोणत्या वारी जड उठली. देणे-घेण्याची खातेवही आपण रोज लिहितो. गाडी तर लाखो रुपयांची पुंजी आहे.

तिसरी सूचना समाजातील जाणत्या मंडळींना. आपल्याकडची कितीतरी मुले लहानपणापासून गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली काम शिकतात. त्यांच्या हातात कसब आहे, पण हातात कागद नाही आणि स्कॅनरशी ओळख नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. व्यापारी संघटना आणि वस्तीतल्या संस्था यांनी दर वर्षी अशा चार मुलांचा खर्च उचलला, गॅरेजवाल्यांना एकत्र येऊन सामाईक स्कॅनर घ्यायला मदत केली, तर त्यात त्या मुलांचे भले आहे आणि आपलेही. भारत स्टेज ६ ची गाडी न समजणारा गॅरेजवाला उद्या बेकार होईल, आणि आपल्याला प्रत्येक किरकोळ कामासाठी नाशिक गाठावे लागेल.

थंडी दर वर्षी येणार. ती आली की बाजारात पहाटे सेल्फ रडण्याचे आवाज ऐकू येतात, त्यातले बहुतेक टाळता येण्यासारखे असतात. पुढच्या डिसेंबरात मिस्त्री बॅटरी बदला म्हणाला तर त्याला एवढेच विचारावे: "किती व्होल्ट आले?" आकडा सांगितला तर पैसे द्यावेत. सांगता आला नाही तर पाकीट खिशातच ठेवावे आणि आधी मीटर मागवावा.